पुढे पाठवा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या बाजूला चुलीपाशी असते. मसालेभाताचे पातेले सांभाळणे हे माझे ठरलेले काम. यंदा चिटणीसबाईंनी मला तेथून उठवून येथे उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. शाळेत असताना एकदा टिळक पुण्यतिथीला चार वाक्ये पाठ करून म्हणावयास उभी राहिले आणि तिसऱ्या वाक्याला अडखळून खाली बसले. त्यानंतर भाषण असे करण्याची ही पहिलीच वेळ. तेव्हा चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे. विषय मला दिला आहे तो "मोबाईल आणि आपले घरगुती जीवन" असा. अध्यक्षबाई त्याला भ्रमणध्वनी म्हणतात. तो शब्द माझ्या जिभेला काही वळत नाही, म्हणून मी आपली मोबाईलच म्हणणार.

नावे ठेवण्याच्या आधी त्याचे गुण सांगणे बरे. 2016 सालच्या सप्टेंबर महिन्यात जिओ आले आणि सुरुवातीचे काही महिने इंटरनेट फुकट मिळाले, हे तुम्हांस आठवत असेल. तोपर्यंत आमच्या घरातला मोबाईल म्हणजे यांच्या खिशातली वस्तू. त्या दिवाळीला मुलाने माझ्या हाती एक स्वस्तातला फोन दिला. माझे अनारसे तेव्हा दरवर्षी हसायचे. तुपात सोडले की विरून जायचे, आणि सासूबाईंना विचारावे तर त्या म्हणायच्या, "गूळ अंदाजाने घालायचा." तो अंदाज त्यांच्या हातात होता, तो त्यांनी तरी तोंडाने कसा सांगावा? मधुरा बाचल यांच्यासारख्या बाया फोनवर वाटीचे माप दाखवून पदार्थ शिकवतात, ते पाहून माझ्या ध्यानात आले की गूळ जास्त होत होता. त्या वर्षी अनाऱशांना जाळी पडली. सासूबाईंनी एक खाल्ला, दुसरा घेतला आणि म्हणाल्या, "बरा झालाय." त्यांच्या तोंडून बरा म्हणजे काय, ते त्यांच्या सुनेलाच ठाऊक!

आपल्याच मंडळातल्या दोघीतिघी फराळाच्या आणि उन्हाळ्यात कुरडयांच्या ऑर्डरी फोनवरच घेतात. पूर्वी पापड विकायचे तर दारोदार जावे लागे, आणि घरच्यांना ते खपत नसे. आता घरात बसून चार पैसे मिळतात व ते आपल्या स्वतःच्या खात्यात पडतात. भोंडल्याची गाणी आपल्या मुली विसरल्याच होत्या. फोनवर ऐकून त्या पुन्हा म्हणू लागल्या. ज्यांच्या लेकी परदेशी आहेत त्या आयांना मी काय सांगावे? गौरींच्या नैवेद्याचे ताट फोनपुढे धरून लेकीशी बोलताना मी त्यांना पाहिले आहे.

काही गोष्टी मला रुचत नाहीत. हळदीच्या दिवशी सगळ्यांनी पिवळेच कपडे घालायचे, डोहाळजेवणाला ओटी भरण्याच्या आधी फोटोवाल्याला विचारायचे की बाई, आता भरू का? ही रीत आपल्या आयांनी घातलेली नाही. कोठल्या तरी रीलमधून आली. पण रीती बदलतच असतात. माझ्या आजेसासूबाईंना गोल पाचवारी पातळ पाहवत नसे म्हणतात.

एक मात्र मनाला लागले ते सांगते. आमच्या समोरच्या वाड्यातल्या काकू गेल्या, तेव्हा आपल्या गटावर "भावपूर्ण श्रद्धांजली" आणि जोडलेले हात यांची रीघ लागली. मी मोजले नाहीत, पण बोटाने वर सारता सारता अंगठा दुखला. काकूंच्या घरी त्या रात्री पिठले-भात मात्र दोनच घरांतून गेला. दिवसभर घरात चूल पेटलेली नाही हे कोणाच्या ध्यानातच आले नाही, कारण जो तो हात जोडून मोकळा झाला होता. या काकूंची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून त्यांचे नाव काढले.

आता, ज्यासाठी मी बोलावयास कबूल झाले ते सांगते. ते "पुढे पाठवा" याविषयी आहे.

पुढे पाठवा ही भानगड काही आजची नव्हे. मी लहान असताना माझ्या माहेरी पोस्टकार्ड यायचे. वर देवीचे नाव, आणि खाली मजकूर असा की, हे पत्र मिळताच अशीच 21 पत्रे लिहून पाठवावीत. एकाने पाठवली, त्यास लॉटरी लागली. एकाने फाडले, त्याचा मुलगा वारला. आई घाबरली. घरात अक्षर माझे बरे, म्हणून तिने मलाच लिहावयास बसवले. पाचव्या कार्डाला माझा हात भरून आला. तेवढ्यात वडील कामावरून आले. त्यांनी सगळी कार्डे उचलून बंबात घातली. आई आठवडाभर जीव मुठीत धरून होती. आमच्या घरात सर्व जण धडधाकट राहिले. कार्डाचे पैसे मात्र गेले.

नंतर 1995 साली 21 सप्टेंबरला गणपती दूध पितो असे झाले. मी तेव्हा शाळा सोडून घरी होते. आम्ही सगळ्याच वाटी-चमचा घेऊन रांगेत उभ्या. माझ्या चमच्यातले दूधही गेले! पुढे सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवले की ते मूर्तीच्या अंगावरून पातळ ओघळून खाली जाते. तेव्हा कोणाच्या हाती मोबाईल नव्हता, आणि तरी एका दिवसात ती वार्ता देशभर झाली. तेव्हा अफवा मोबाईलने आणली असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी निदान आम्ही घराबाहेर पडून देवळापर्यंत जाऊन पाहिले तरी. आणि कार्डे लिहिताना हात तरी दुखला.

2018 सालच्या जून महिन्यातली गोष्ट. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. दुपारी जेवणे आटोपून मी जरा आडवी झाले होते. माहेरच्या गटावर चुलतभावाने एक चित्रफीत धाडली. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, आणि एका लहानग्याला उचलून घेऊन पळतात. सोबत मजकूर होता की, मुले पळवणारी टोळी आपल्या जिल्ह्यात शिरली आहे, सर्व मातांना कळवा. माझा धाकटा त्या वेळी नऊ वर्षांचा, एकटाच शिकवणीला जाई. माझ्या छातीत धस्स झाले. मी ते सगळे आपल्या मंडळाच्या गटावर टाकले, शाळेतल्या आयांच्या गटावर टाकले, नणंदेला, जावेला, कोणाकोणाला म्हणून पाठवले ते आता आठवतही नाही. सगळे मिळून पाच मिनिटे लागली असतील.

एवढ्यावर थांबले असते तर इतर चार बायांइतकाच माझा दोष. पण मी त्या मजकुराच्या वर एक ओळ माझ्या पदरची घातली.

आदल्या दिवशी मारुतीच्या देवळामागे दोन अनोळखी बाया बसलेल्या मला दिसल्या होत्या. वाटेने जाताना टेकल्या असतील. एक जण बाटलीतले पाणी पीत होती. मी लिहिले, "आपल्या पेठेतही अशा दोन बाया फिरत आहेत. मी स्वतः पाहिल्या." यातले "मी स्वतः पाहिल्या" हे खरे होते. "अशा" हा शब्द खोटा होता.

तेव्हा मला ते कळले नाही, किंवा कळून घ्यावेसे वाटले नाही. गटावर कोणी अंगठे उभारले, कोणी "धन्यवाद ताई" म्हटले, एकीने लिहिले की तुमच्यासारख्या जागरूक बायांची गरज आहे. खरे सांगते, मला फार बरे वाटले. माझ्या बोलण्याकडे एकाच वेळी एवढ्या जणींनी लक्ष दिले, असे माझ्या आयुष्यात पूर्वी कधी झाले नव्हते. भाजी चिरता चिरता मी दहादा फोन पाहिला.

तिसऱ्या दिवशी आपल्या पेठेत बोहारीण आली. जुन्या बायांना ती आठवत असेल. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत बोचके, आणि "भांडीऽऽ" अशी लांबवर जाणारी हाक. माझे लग्न झाले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून ती माझ्याकडे येत असे. दोन पातळे आणि एक पँट मी पुढे ठेवली की ती म्हणे, "जरीचं एक द्या की, ताई," आणि मी म्हणे, "जरीचे असते तर तुला कशाला बोलावले असते?" अशी आमची घासाघीस चाले. माझ्या घरातला निम्मा स्टीलचा संसार तिच्या पाटीतून आलेला आहे. त्या दिवशी तिने नव्या सुनेला सोबत आणले होते, धंद्याची घरे दाखवावयास. सुनेच्या तोंडावर पदर होता. एका पायरीवर एक बाळ उभे होते, त्याच्या हाती तिने भातुकलीतली असते तसली चिमुकली पेली दिली. बाळ हसून तिच्याकडे गेले, आणि खिडकीतून कोणीतरी ओरडले.

मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. आवाज ऐकून खाली येईतो वीस-पंचवीस माणसे जमली होती. आपल्या पेठेतली थोडी, पलीकडच्या आळीतली पुष्कळ. बोचके रस्त्यात सोडून पाहत होते, की आत मूल आहे काय! भांडी चहूकडे पसरली होती. सुनेचे केस कोणी धरले होते आणि तिचा ओठ फुटला होता. एक तरुण हातातला फोन उंच करून सगळ्यांना वाचून दाखवीत होता, "मी स्वतः पाहिल्या!"

ती ओळ माझी होती, पण तिच्याखाली माझे नाव नव्हते. मजकूर एकीकडून दुसरीकडे जाताना पहिल्या लिहिणाऱ्याचे नाव गळून पडते. ज्याच्या फोनवर ती ओळ पोचली आणि ज्याने ती पुढे धाडली, त्यानेच जणू त्या बाया पाहिल्या असे झाले. दोन बायांना पाणी पिताना एकीने पाहिले होते, ते तीन दिवसांत शेकडो जणांनी "स्वतः" पाहिले.

बोहारणीची नजर माझ्याकडे गेली. ती म्हणाली, "ताई, तुम्ही तर वळखता मला. सांगा की ह्यास्नी."

मी सांगितले. ही आमच्याकडे नेहमी येते, असे मी म्हटले. पण इतक्या हळू, की शेजारच्यालाही धड ऐकू गेले नसेल. आणि जे खरे सांगावयास हवे होते, की थांबा, ही ओळ मी लिहिली आहे आणि तिच्यात तथ्य नाही, ते माझ्या तोंडून निघाले नाही. मला भीती वाटली. माराची नव्हे. पेठेत आपल्याला काय म्हणतील, याची.

तेवढ्यात समोरच्या काकू काठी टेकीत आल्या. ऐंशीच्या घरातल्या त्या. त्यांनी कोणाला काही विचारले नाही. सरळ त्या सुनेचा हात धरला, दोघींना आपल्या ओट्यावर बसवले, नातवाला पाणी आणावयास पिटाळले आणि स्वतः त्यांच्या पुढ्यात पायरीवर बसल्या. ऐंशी वर्षांच्या बाईला ढकलून पुढे कोण जाणार? गर्दी पांगू लागली. मग पोलीस आले, चौकशी झाली, दोघींना एस. टी. स्टँडवर पोचवले. काकूंच्या फोनवर ती चित्रफीत आली नव्हती. त्यांच्याजवळ फोनच नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, 1 जुलै 2018 रोजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी पाच माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. गावात आठवड्याचा बाजार भरला होता. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. यांनी सकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवला. मी पोळ्या लाटत होते. तव्यावरची पोळी जळाली, पण मला उलथता आली नाही. तेथे काकू नव्हत्या, एवढेच माझ्या मनात येत राहिले.

त्या चित्रफितीचे मूळ पुढे मुलाने मला दाखवले. ती आपल्या जिल्ह्यातली नव्हती आणि आपल्या देशातलीही नव्हती. कराची शहरातल्या एका संस्थेने आईबापांना सावध करण्यासाठी ती मुद्दाम रचून केली होती. मोटारसायकलवरचे ते दोघे शेवटी परत येतात, मुलाला खाली सोडतात आणि एक पाटी उघडून दाखवतात, की मूल पळवावयास एवढासा वेळ पुरतो. कोणी तरी तो शेवट कापून टाकला होता. एका बाजूने कोणी शेवट कापला, दुसऱ्या बाजूने मी वर एक ओळ जोडली. असे मिळून ते सगळे तयार झाले होते.

राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअॅपवर दुसऱ्याकडून आलेल्या मजकुरावर तशी खूण दिसू लागली, आणि आपल्या देशात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही असे केले. आता पाच म्हणजे पाच माणसे नव्हेत. पाच गट धरा, गटात 60 बाया धरा, की 300 घरे झाली. पुढे 2020 च्या एप्रिलमध्ये, जे फार हातांतून फिरत आले असेल ते एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा नियम झाला. हे मला मुलाने समजावून सांगितले तेव्हा वडिलांचा बंब आठवला. पाचव्या कार्डाला माझा हात भरून येई, तसा आता यंत्राचाच हात थोडा भरून येतो म्हणायचा. पण मजकूर उचलून नव्याने चिकटवला तर यंत्रालाही ते कळत नाही. मी त्या दिवशी तसेच केले होते.

चिटणीसबाईंनी रागावू नये, पण आपल्या गटासाठी माझी एक सूचना आहे. सावधगिरीचा म्हणून जो मजकूर टाकाल त्याखाली स्वतःचे नाव घाला. कोणी पाहिले, कोठे पाहिले, कोणत्या दिवशी, हे लिहा. ते लिहिता येत नसेल तर टाकू नका. खरोखरच मूल संकटात दिसले तर 1098 हा मुलांसाठीचा क्रमांक आहे, पोलिसांचा 112 आहे. तेथे फोन करा. तेथे पहिल्यांदा विचारतात, "आपण कोण बोलता?" एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळशी टोळ्या नाहीशा होतील असे मला वाटते. त्या दुपारी मला कोणी विचारले असते तर मी दोन अनोळखी बाया पाणी पीत होत्या, एवढेच सांगू शकले असते.

ती ओळ माझी होती, हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. यांनाही नाही. ते मागच्या रांगेत बसले आहेत आणि आताच ऐकत आहेत. काकूंना सांगावे असे कितीदा मनात आले. त्यांच्या ओट्यावर जाऊन बसे, आणि लोणच्याच्या कैऱ्यांचे बोलून परत येई. त्या गेल्या, तेव्हा पिठले-भात नेणाऱ्या दोन घरांतले एक माझे होते. ते पुण्य म्हणून मी आपणांस सांगत नाही.

त्या गडबडीत एक वाटी गटाराच्या कडेला घरंगळली होती. संध्याकाळी मी जाऊन ती उचलली. तिला एका बाजूने पोचा आला आहे. सासूबाईंनी विचारले, "ही वाटी कोठली?" मी म्हटले, "बोहारणीकडून घेतली." बदल्यात काय दिले, ते त्यांनी विचारले नाही.

बोहारीण त्यानंतर आपल्या पेठेत आलेली नाही. माझ्याकडे जुन्या पातळांचे बोचके माळ्यावर तसेच आहे, आणि या वेळी त्यात जरीचे एक आहे. ती आता येत नाही, एवढेच परवा मी एका मैत्रिणीजवळ म्हटले. ती भल्या मनाने म्हणाली, "अगं, तिचा फोटो असेल कोणाकडे. गटावर टाकू, दोन तासांत पत्ता लागेल." फोटो असेलच. त्या दिवशी पोरे फोटोच काढीत होती. ज्यांच्या फोनमध्ये तो असेल त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की तो कोठेही पाठवू नका. जुन्या बाजाराच्या कोपऱ्यावर बोहारणी बसतात. भाजीला जाल तेव्हा त्यांना तोंडाने विचारा, की आमच्या पेठेत सुनेला घेऊन आलेली ती कोण होती, आणि कोठे असते. कळले तर मला हाक मारा. मी स्वतः जाईन. वाटी तिची तिला द्यायची आहे, आणि ती ओळ कोणी लिहिली ते सांगायचे आहे.

 मागून दोनदा खूण झाली, भात उतरावयास आला आहे. मी तिकडे जाते.